जमलं याला इंग्रजीत काय म्हणतात?

३ जून

प्रिय मामा,

आज सकाळपासून मी एक अक्षरही बोललेली नाही. तू हसतोयस, मला इथून दिसतंय. लहानपणी माझी बोलती बंद करायला चॉकलेट द्यावं लागायचं, आणि आता गप्प बसायचा मला पगार मिळतो!

इथलं काम तुला नीट सांगितलंच नव्हतं. या दलदलीत पूर्वी क्रौंच पक्षी यायचे, आता एकही उरला नाही. म्हणून बाईंनी, म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुखांनी, लांबून अंडी आणून यंत्रात उबवली. सात पिल्लं निघाली. पिल्लू डोळे उघडल्यावर ज्याला पाहतं त्यालाच आई समजतं. माणसाला आई समजलं तर पुढे जन्मभर माणसांच्या मागे फिरणार आणि कुणाच्या तरी काठीने मरणार. म्हणून आम्ही पांढरा पायघोळ झगा घालतो, तोंडावर जाळी, आणि एका हातात बाहुलीसारखं क्रौंचाचं डोकं. त्या चोचीने भरवायचं. आवाज द्यायचा तर खिशातल्या यंत्रातून, खऱ्या मादीचा. माणसाचा शब्द त्यांच्या कानावर पडता कामा नये.

पहाटे धुकं असतं. पाणी, आकाश, झगा, सगळं एकाच रंगाचं. मी चालते आणि मागून सात तपकिरी गोळे चालतात. कधीकधी वाटतं की मी कुणाच्या तरी स्वप्नात काम करते, आणि ज्याचं स्वप्न आहे तो माणूस जागा होऊ नये म्हणून आम्ही सगळे गप्प आहोत.

पानगळीच्या दिवसांत त्यांना छोट्या विमानामागून डोंगरापलीकडच्या मोठ्या सरोवरावर न्यायचं. तिथे रानातले क्रौंच हिवाळ्याला येतात. एकदा वाट दाखवली की ती विसरत नाहीत. वाट दाखवता आली नाही, तर सातही जण जन्मभर जाळीत.

आता तुझं काम. मोहीम संपली की देणगीदारांच्या सभेत मला इंग्रजीत बोलायचंय. बाई म्हणाल्या, "तुझे मामा इंग्रजी शिकवायचे ना? मग तूच बोल." मी पहिलं वाक्य लिहून दाखवलं, "वुई विल सक्सीड टू टेक द बर्ड्स अक्रॉस." त्यांनी नुसती भुवई उचलली. चूक कुठे आहे ते सांग.

रविवारी गावात जाऊन तुला फोन केला होता. खालच्या शिंपीकाकांनी उचलला, म्हणाले, मास्तर झोपलेत. भर दुपारी? तू?

तुझी
बडबडी


१५ जून

प्रिय बडबडे,

चूक "टू"मध्ये आहे. सक्सीडच्या मागून "इन" लागतं आणि क्रियापदाला "इंग" : सक्सीड इन टेकिंग. "सक्सीड टू" असतं, पण ते गादीवर बसणाऱ्यांसाठी. बाप मेला, मुलगा सिंहासनावर सक्सीड झाला. मुळात त्या शब्दाचा अर्थच मागून येणं, पाठोपाठ येणं. तेव्हा तुझ्या पिल्लांनी विमानाच्या पाठोपाठ जायचं हेच खरं सक्सीड, असं बाईंना सांग आणि भुवई खाली उतरते का बघ.

पण मला गंमत वाटते ती वेगळीच. इंग्रज माणूस सक्सीड "करतो". कर्ता तो. आपल्याकडे यश "येतं". आपण दार उघडं ठेवून बसायचं, ते त्याच्या पायांनी येईल किंवा न येईल. "मला जमलं" म्हणताना आपण स्वतःला कर्ता म्हणतसुद्धा नाही, जमणारी गोष्ट जमते, आपण फक्त तिथे हजर असतो. चाळीस वर्षं संध्याकाळच्या वर्गात हे शिकवलं; कारकून, नर्सा, ड्रायव्हर, सगळ्यांच्या जिभेला "मी यशस्वी झालो" म्हणायला आधी लाज वाटायची.

आणि एक. "सक्सेसफुली" हा शब्द दिसेल तिथे काढून टाक. "वुई सक्सेसफुली कम्प्लीटेड"! पूर्ण केलं म्हटलं ना? मग अयशस्वीपणे पूर्ण करतं का कुणी?

झोपेचं म्हणशील तर घसा बसलाय, त्यामुळे वर्ग बंद आणि दुपार मोकळी. पडल्या पडल्या छताकडे बघतो. समोरच्या काचेवरून ऊन परतून येतं आणि छतावर पाण्यासारखं हलतं. काल त्यातच डोळा लागला, तर स्वप्नात वर्ग भरलेला, मी फळ्यावर लिहितोय आणि मुलं माझ्याआधीच उत्तर देतायत.

फोन करू नकोस. पत्र लिही. पत्रात तू कमी बडबडतेस.

मामा


८ जुलै

प्रिय मामा,

घसा अजून बसलेलाच आहे का? गरम पाण्याच्या गुळण्या कर. ऐकायचं नसेल तर डॉक्टरकडे जा. डॉक्टरचंही ऐकायचं नसेल तर निदान ओरडू नकोस.

पिल्लांचे पाय आता माझ्या गुडघ्यापर्यंत आलेत. सहा जण दांडगे आहेत. सातवा अंड्यातून सर्वांत उशिरा निघाला, म्हणून त्याचं नाव शेवटचा. त्याचा डावा पाय जरा आत वळतो. बाकीचे पाण्यात धडाधड शिरले आणि हा काठावर उभा राहून पाण्यातल्या स्वतःकडे बघत बसला. मी पाण्यात आडवी झाले, चोच पाण्यात बुडवली, यंत्रातून हाक दिली. शेवटी काल शिरला! मी वहीत लिहिलं, "यस्टरडे ही कुड एंटर द वॉटर." वैमानिकाने वाचलं आणि म्हणाला, "शिरला की नाही शिरला, कळत नाही." म्हटलं, सरळ लिहिलंय की. सरळ नाहीये का?

वैमानिक म्हणजे आमच्या छोट्या विमानाचा चालक. विमान कसलं, पंखा बसवलेला पतंग. मागच्या खुर्चीत मी बसणार, झग्यासकट.

इथे दिवसभर गप्प राहून माझे शब्द आत साठतात. संध्याकाळी खोलीत येते, दार लावते आणि कपड्यांच्या कपाटाला सगळं सांगते. कपाट तुझ्यापेक्षा बरं ऐकतं, मध्येच व्याकरण काढत नाही.

आईला तुझ्याबद्दल विचारलं तर ती विषय बदलते. भांडलात का?

बडबडी


२१ जुलै

प्रिय बडबडे,

वैमानिक बरोबर बोलला. "ही कुड एंटर" म्हणजे त्याच्यात शिरायची ताकद होती. शिरला की काठावर बसून राहिला, देव जाणे. कुड म्हणजे अंगात असणं. एकदाच, त्या दिवशी, प्रत्यक्ष घडलं असं सांगायचं तर "वॉज एबल टू", आणि त्याहून छान, "मॅनेज्ड टू". मॅनेज्डमध्ये थोडा घाम आहे. अडचण होती, पाय वळलेला होता, पाणी गार होतं, तरी निभावलं. तुझ्या शेवटच्यासाठी तोच शब्द लिही. ही मॅनेज्ड टू एंटर द वॉटर.

आता यातली खरी खोच ऐक. नाही जमलं हे सांगायला इंग्रजाला एवढी कटकट नाही. कुडन्ट म्हटलं की संपलं. ताकद नव्हती म्हणून नाही, की होती तरी नाही, कुणी विचारत नाही. अपयशाला एक शब्द पुरतो. जमलं म्हणायचं तेव्हाच विचार करावा लागतो की कसं जमलं, कितीला पडलं, एकदाच की नेहमी. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचंच, "मास्तर, आमचं कुडन्टच सोपं."

मी काही आठवडे एका ओळखीच्यांकडे राहायला जातोय. नदीकाठी आहे, भिंती पांढऱ्या, खिडक्या मोठ्या, माणसं सेवाभावी. तिथून पत्र टाकणं होणार नाही. तुझ्या आईशी भांडण नाही. ती विषय बदलते कारण तिला विषय बदलायची लहानपणापासून सवय आहे.

उत्तर आलं नाही तर रागावू नकोस.

मामा


२० ऑगस्ट

मामा,

रागावले आहे.

महिना झाला. रविवारी फोन केला, पाच-सहा वेळा वाजला आणि उचलला गेला. मागे शिंपीकाकांचं मशीन चालू होतं, ते स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे तू घरी आहेस. मी "मामा, मामा" करत राहिले. तू एक शब्द बोलला नाहीस. साधा श्वाससुद्धा ऐकू आला नाही. मग ठेवलास.

मला कारण माहीत आहे. तू ते कधी बोलला नाहीस, पण मला माहीत आहे. मी तुझा वर्ग चालवावा अशी तुझी इच्छा होती. तुझी खुर्ची, तुझा फळा, तुझ्यामागून मी. आणि मी परीक्षा देऊन, निकाल हातात घेऊन, पक्ष्यांकडे निघून आले. "सक्सीड म्हणजे मागून येणं" हे तू मला शिकवत नव्हतास, टोमणा मारत होतास. आता कळलं.

पिल्लं उडायला लागली. सकाळी विमान गवतावरून धावतं आणि ती मागून धावतात, आणि मग एका क्षणी त्यांचे पाय जमिनीला लागेनासे होतात. मी मागे वळून बघत असते. त्यांच्या पंखांचा आवाज इंजिनाच्या आवाजाखालून येतो, कुणीतरी खूप मोठी चादर झटकल्यासारखा. इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही, आणि हे मला तुलाच सांगायचं होतं. आता सांगितलं.

शेवटचा उडतो, पण लवकर दमतो.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.


३० ऑगस्ट

बडबडे,

फोन मीच उचलला होता. सवयीने हात गेला. तुझा आवाज ऐकला, तोंड उघडलं, आणि मग आठवलं.

घशात गाठ होती. वाईट जातीची. ते ओळखीचं घर म्हणजे हॉस्पिटल. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. आता मी मानेतल्या एका भोकातून श्वास घेतो. नाका-तोंडाचा नि श्वासाचा संबंध संपला, म्हणून तुला श्वाससुद्धा ऐकू आला नाही. तुझ्या आईला मी शपथ घातली होती. तिच्यावर चिडू नकोस, तिला ती शपथ फार जड गेली.

शुद्धीवर आलो तेव्हा तरुण डॉक्टरीणबाई उशाशी उभ्या होत्या. मला बोलता येणार नाही म्हणून का कोण जाणे, त्यांनीही न बोलता कागदावर लिहून दाखवलं, "द सर्जरी वॉज सक्सेसफुल." मी पेन मागितलं. त्यांना वाटलं काहीतरी दुखतंय. मी खाली मराठीत लिहिलं, "यश तुमचं, घसा माझा. दोघांचं अभिनंदन." त्या इतक्या हसल्या की नर्स धावत आली.

नंतरचे दिवस मात्र विचित्र होते, बाळा. सगळं काचेपलीकडे. लोक येतात, ओठ हलवतात, मला ऐकू येतं तरी त्यांना वाटतं की ऐकू येत नाही, कारण मी उत्तर देत नाही. रस्त्यावरून चालताना मी आहे की नाही अशी शंका येते. स्वप्नात मात्र बोलतो. भरपूर बोलतो. जाग आली की जीभ हलवून बघतो, आणि खोलीत कुणी बोलून नुकतंच बाहेर गेल्यासारखं वाटतं.

आता तुझ्या टोमण्याबद्दल. खुळी आहेस. वर्ग तू चालवावास असं मला वाटायचं, हे खरं. तू गेलीस तेव्हा आठवडाभर वाईट वाटलं, हेही खरं. पण तुझं पहिलं पत्र आलं, ते पाठोपाठ चालणारे सात गोळे वाचले, आणि म्हटलं, हिला तर वर्ग मिळाला! शब्दांचा अर्थ सांगताना मी टोमणे मारत नाही. तेवढी एक गोष्ट मी आयुष्यात इमानाने केली.

इथे यायचं नाही. पक्ष्यांचं उडणं तुझ्यावर आहे.

मामा


६ सप्टेंबर

मामा,

मी बॅग भरली होती. मग बाई आल्या, बॅगेकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "जायचं तर जा. पण झग्यात तुझी चाल त्यांना माहीत आहे, दुसऱ्या कुणाची नाही."

मी झगा घालून पाण्यात जाऊन उभी राहिले. जाळीआड रडायची एक सोय असते, कुणाला दिसत नाही. पण आवाज करता येत नाही. सातही जण भोवती आले. शेवटच्याने बाहीत चोच घातली.

मी आजवर तुला किती फोन केले आणि किती वेळ स्वतःच बोलत बसले, तेच आठवतंय.

परत बोलता येतं का? काहीतरी असेल ना?


१४ सप्टेंबर

बडबडे,

असतं. ढेकरेतून बोलायला शिकवतात. खरंच. हवा गिळायची आणि ती परत वर येताना तिचे शब्द करायचे. शिकवणारी पोरगी तुझ्याच वयाची आहे. आयुष्यभर मी मुलांना सांगितलं, चारचौघांत ढेकर देऊ नये. आता चारचौघांत ढेकर दिली की ती टाळ्या वाजवते.

प, ट, क सोपे आहेत. ते म्हणताना हवा आपोआप आत ढकलली जाते. ह मात्र साफ गेला. म्हणजे मला "हो" म्हणता येणार नाही. "बरं" म्हणता येईल कदाचित. लग्न झालेलं नाही हे किती बरं!

अजून एकही शब्द निघालेला नाही. तू उडव. मी गिळतो.

मामा


२४ ऑक्टोबर

प्रिय मामा,

उडालो. आता शांतपणे बस, सगळं सांगते.

सकाळ स्वच्छ होती. सातही जण मागे, एका तिरक्या ओळीत, आणि शेवटचा ओळीच्या टोकाला. खाली शेतं, तळी, रस्ते, सगळं घडी उलगडल्यासारखं. दुपारपर्यंत डोंगराची धार आली. आणि धार ओलांडता ओलांडता खालून धुकं उकळून वर आलं. मी मागे बघत होते. सहा दिसत होते. मग पुन्हा मोजले. सहाच.

वैमानिकाने सहांना घेऊन पुढे जायलाच हवं होतं, इंधन तेवढंच होतं. त्याने मला धारेवरच्या गवताळ माळावर उतरवलं आणि तो गेला. सहा जण त्याच्या मागे गेले. संध्याकाळी सरोवरावर उतरले, मामा! सहाही.

मी माळावर एकटी. यंत्रातून हाक दिली, धुक्याच्या ओलीने ते दोनदा खरखरलं आणि मेलं. तिकडे दगडांच्या खाणी आहेत, कडे तुटलेले, खाली पाणी. आणि भटकी कुत्री. त्यांचं भुंकणं येत होतं. मधूनच शेवटच्याचं बारीक चिरकणं यायचं, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. मी पांढऱ्या झग्यात, पांढऱ्या धुक्यात. त्याला मी दिसणार कशी? मी चोच हलवत उभी होते, न दिसणारी चोच. अंधारायला लागलं. कुत्री जवळ आली.

मला माहीत होतं, मामा. हाक मारली तर तो माणसाचा आवाज शिकणार. नाही मारली तर सकाळी पिसं मिळणार.

मी हाक मारली.

पण काय म्हणून मारायची? इतके महिने त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. नाव तर आमच्या आमच्यात ठेवलेलं, त्याला कुठे ठाऊक? तोंडात आलं ते ओरडले, "ही मॅनेज्ड! शी मॅनेज्ड! दे मॅनेज्ड!" तुझ्या वर्गातल्यासारखं, सुरात. घसा फुटेपर्यंत तेच. कुणी ऐकलं असतं तर वेड्यांच्या इस्पितळाला फोन केला असता. आणि धुक्यातून आधी दोन काटक्या आल्या, मग त्यांच्यावर तो. सरळ चालत आला आणि बाहीत चोच खुपसली. त्याचं सगळं अंग थरथरत होतं.

रात्री केंद्राची गाडी येऊन आम्हा दोघांना परत घेऊन गेली. बाईंनी दुसऱ्याच दिवशी परीक्षा घेतली. जाळीमागे एक माणूस उभा करून त्याला नुसतं बोलायला लावलं. शेवटचा मान वळवून आवाजाकडे निघाला. अगदी आनंदाने. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला आता सोडता येणार नाही. कधीच.

सभा तीन आठवड्यांवर आली. मला यासाठी शब्द दे. मी त्याला वाचवलं आणि मीच त्याला जाळीत टाकलं. हे सक्सीड आहे की फेल? मॅनेज्ड आहे की कुडन्ट? तुझ्याकडे असेलच काहीतरी.

बडबडी


४ नोव्हेंबर

प्रिय बडबडे,

नाही माझ्याकडे. चार दिवस शोधला. खरंच शोधला, सगळे शब्दकोश खाली काढले. "सेव्ह"मध्ये पश्चात्ताप नाही, "लूज"मध्ये ती बाहीत खुपसलेली चोच नाही. पुल्ड इट ऑफ म्हणतात, पण त्यात फुशारकी आहे. मेड इट म्हणतात, ते पोचलेल्यांसाठी, जगलेल्यांसाठी. सहांना ते शोभतं. सातव्याला कुठल्याच खोबणीत बसवता येत नाही. म्हणून मी तुला शब्द देत नाही. घडलं ते सांग. एका शब्दात मावत नाही ते पाच वाक्यांत मावतं, म्हणून तर वाक्यं निघाली.

आणि तू विचारलं नाहीस तरी माझी बातमी. मी ढेकरांचा वर्ग सोडला. एक शब्द आला होता. "पाव." फार आनंद झाला. उठलो, दुकानात गेलो, पुढे चार बायका होत्या. माझी पाळी आली आणि मी म्हटलं, "पाव." दुकानदारीण माझ्या पायांकडे बघायला लागली. तिला वाटलं, कुत्रं गुरगुरलं. मी बोट दाखवलं, पाव घेतला, घरी आलो आणि तो खाल्लासुद्धा नाही.

चाळीस वर्षं माझा आवाज हीच माझी मिळकत होती. मागच्या बाकापर्यंत पोचायचा. हा नवा आवाज माझा नाही. मला तो नको. लिहिता येतं, तेवढं पुरे.

आमचं कुडन्टच सोपं.

मामा


२२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

सभा झाली. मोठं दालन, उंच खिडक्या, लांब टेबल आणि पाण्याच्या बाटल्या. मी लिहून नेलेलं वाचायला उठले आणि पहिल्या ओळीतच अडखळले. टेबलाच्या टोकाचे गृहस्थ म्हणाले, "राहू दे ते. सो, वॉज इट अ सक्सेस?"

मी कागद खाली ठेवला. म्हटलं, "सिक्स मेड इट." सगळे माझ्याकडे बघत होते. मग म्हटलं, "द सेव्हन्थ वॉज लॉस्ट इन द फॉग. आय कॉल्ड हिम. ही केम. नाऊ ही कॅन नेव्हर गो." एवढंच. छोटी छोटी वाक्यं, एकातही चूक नव्हती. मग एका बाईने विचारलं, "वुड यू कॉल हिम अगेन?" मी विचार न करता मराठीत म्हणाले, "हो." त्यांना ते कळलं, मामा.

एका वर्षाचे पैसे मिळाले. पुढचं पुढे. बाहेर पडताना बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मीही हाक मारली असती. पण हे पिल्लांना सांगू नकोस." शेवटचा केंद्रातच राहील. पुढल्या उन्हाळ्यात नवी पिल्लं येतील, त्यांना मोठा क्रौंच हवाच असतो सोबतीला. झग्यापेक्षा तो बरा.

आता तुझं. त्या पावाबद्दल वाचून मी हसले आणि मग इतकी चिडले की कपाटाला लाथ मारली. तू म्हणतोस तो आवाज तुझा नाही. मग कुणाचा? त्या माळावरचा आवाज माझा होता असं तुला वाटतं? मी कोल्ह्यासारखी केकाटत होते. ज्याला यायचं होतं, तो आला.

मी तुला शिकवणीला जा म्हणणार नाही. तू माझं कधी ऐकलंयस? पण पंधरा जानेवारीपर्यंत शेवटचा पाणथळीतल्या मोठ्या जाळीत असेल, मग थंडीमुळे त्याला आत घेतात. त्याच्याजवळ आता बोललं तरी चालतं. मी दिवसभर बोलते त्याच्याशी. तू ये.

बडबडी


१० जानेवारी, बसमध्ये

प्रिय बडबडे,

अक्षर हलतंय, कारण रस्ता हलतोय. हे पत्र टपालात पडणार नाही.

डिसेंबरात परत शिकवणीला गेलो. पोरीने का आलात विचारलं नाही, का गेला होतात तेही नाही. नुसती खुर्ची सरकवली. आमच्यात एक ट्रकवाला असतो, माझ्यासारखाच. त्याला बायकोला नावाने हाक मारायची आहे आणि नाव नेमकं ह वरून. तिघांनी मिळून डोकं लावलं आणि तिला दुसरं नाव शोधलं. आता तो तिला "टिकली" म्हणतो. तिला फार आवडलंय म्हणे. वीस वर्षांत पहिल्यांदा लाडाने हाक मारली.

तुला कळवलं नाही, कारण जमेपर्यंत सांगायचं नव्हतं. अजून सगळं जमत नाहीच. पण आज सकाळी स्टँडवर शिंपीकाका सोबत यायला निघाले होते, त्यांना परत पाठवलं. मानेला त्यांनीच शिवलेला पातळ रुमाल आहे, धूळ जाऊ नये म्हणून. बस भरलेली. कंडक्टर आला. खिशात गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी होती. ती काढली नाही.

हवा गिळली. "एक," म्हटलं. तो म्हणाला, "काय?" मागचे दोघे वळले. कान गरम झाले. उतरून घरी जावं असं वाटलं. पुन्हा गिळली. "एक. पाणथळ." मोठ्याने आलं, मला वाटलं त्याहून मोठ्याने. दाराशी टेकून झोपलेला एक माणूस दचकून जागा झाला.

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं. म्हणाला, "पाणथळीच्या अलीकडे उतरायचं की पलीकडे? दोन थांबे आहेत."

बघ! इतका खटाटोप करून शब्द काढला आणि याने प्रश्न विचारला. म्हणजे त्याला कळलं. ज्याला कळलेलं नसतं तो प्रश्न विचारत नाही, नुसती मान हलवतो. वर्गातला अनुभव आहे. मी म्हटलं, "पक्षी." तो म्हणाला, "मग पलीकडे," आणि तिकीट फाडून दिलं. सुट्टे नाहीत म्हणून कुरकुरलासुद्धा. मला इतकं बरं वाटलं त्या कुरकुरीने. कितीतरी दिवसांत माझ्यावर कुणी कुरकुरलं नव्हतं.

मग सीटवर मागे टेकलो आणि बराच वेळ नुसता बाहेर बघत होतो. धुकं विरळ होत होतं. शेजारची म्हातारी मला पेंगताना बघून म्हणाली, "तुमचा थांबा आला की उठवीन." मी म्हटलं, "बरं."

आता खिडकीतून गवत संपत चाललंय आणि पलीकडे काहीतरी सपाट चमकतंय. म्हातारी कोपर मारतेय. थांबतो, उतरायचंय.

मामा